एकच फ्लॅश, सोळा ठोके : पितळी गुंडाचा मोठ्या फॉरमॅटवर फोटो कसा काढावा

आमच्या भंडारा जिल्ह्यात घराघरात पितळ आहे. गुंड (पाणी भरायचं मोठं भांडं), गडवे, कोपर, गंगाळ. लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यावर तिचं नाव, गावाचं नाव आणि तारीख बारीक ठिपक्यांनी कोरलेली असते. ही भांडी आता भराभर मोडीत चालली आहेत. किलोच्या भावानं जातात, भट्टीत वितळतात आणि त्यांच्यासोबत ती नावंही जातात. मोडीत जाण्याआधी जेवढ्या भांड्यांचा नीट फोटो काढता येईल तेवढा मी काढतो, आणि तो ४ बाय ५ इंची फिल्मवर काढतो. कोरलेल्या नावाचा प्रत्येक ठिपका, ठोक्याची प्रत्येक खूण आणि कानाजवळचा डाग मोठ्या प्रिंटमध्ये मोजता यावा, एवढीच माझी अपेक्षा असते.

मोठ्या फॉरमॅटवर, म्हणजे एवढ्या मोठ्या फिल्मवर, अशा वस्तूला प्रचंड प्रकाश लागतो. फिल्मच्या जमान्यातल्या शहरी स्टुडिओंत त्यासाठी हजारो वॉट-सेकंदांचे (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) पॉवर पॅक असत. माझ्याकडे ३०० वॉट-सेकंदाचा एकच फ्लॅश आहे, आणि तो पुरतो. खोली अंधारी करायची, शटर उघडं ठेवायचं आणि तोच फ्लॅश पुन्हा पुन्हा मारायचा. फिल्मवर प्रकाश साठत जातो.

पहिल्यांदा हे काम पाहायला शेजारचे तांबट काका बसले होते. अंधारात एकामागून एक सोळा वेळा उजेड झाला. शेवटी ते म्हणाले, "मंजे तुमचा बी ठोक्याचाच काम आहे ना जी!" तेव्हापासून फ्लॅशच्या प्रत्येक चमकेला मी ठोकाच म्हणतो. या लेखातही तोच शब्द वापरतो.

एवढा प्रकाश का लागतो

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. गुंड ३० सेंटिमीटर उंच, पोटाशी सुमारे २२ सेंटिमीटर रुंद. कॅमेरा ४ बाय ५, लेन्स २१० मिलिमीटर. फिल्मवर गुंड १० सेंटिमीटर उंच यायला हवा, म्हणजे मूळ वस्तूच्या एक तृतीयांश. या मापाला लेन्सपासून गुंड ८४ सेंटिमीटरवर येतो.

गुंडाच्या पोटाचा सर्वांत पुढे आलेला भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा यांत जवळजवळ ११ सेंटिमीटरचं खोलीचं अंतर आहे. ते सगळं स्पष्ट हवं. एफ/२२ वर (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र लहान) या अंतरावरून जेमतेम ५ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, एफ/४५ वर साधारण ११ सेंटिमीटर. म्हणून एफ/४५.

मग एफ/६४ का नको? छिद्र फार लहान केलं की प्रकाश त्याच्या कडांवर पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. जवळच्या वस्तूसाठी बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीचा भाता, लांबवलेलं असताना हा परिणाम आणखी वाढतो. ठिपक्यांची धार मला एफ/४५ वर चांगली मिळते, एफ/६४ वर ती हरवू लागते. खोली कमी पडत असेल तर आधी गुंड थोडा फिरवून कोरलेलं नाव कॅमेऱ्याला समांतर आणा, किंवा लेन्स थोडी झुकवा. छिद्र आणखी लहान करणं हा शेवटचा उपाय.

खोली तयार करणं

माझा स्टुडिओ म्हणजे धानाचा रिकामा कोठा. कवेलूंचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन. गावातल्या रात्रीचा अंधार शहरात मिळत नाही, हा या कामातला मोठा फायदा. पण कवेलूंच्या फटीतून चांदणं येतं, आणि रस्त्यावरच्या एलईडी दिव्याची रेघ दाराखालून आत शिरते. फटींवर काळं ताडपत्रीचं कापड ताणा, दाराखाली पोतं ठेवा. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री मी हे काम टाळतो.

सारवलेली जमीन कंपन शोषून घेते, हे उत्तमच. पण ट्रायपॉडचे पाय तीत हळूहळू रुततात. अडीच मिनिटं शटर उघडं असताना कॅमेरा अर्धा मिलिमीटर जरी खचला तरी पहिल्या आणि शेवटच्या ठोक्याची चित्रं जुळत नाहीत आणि ठिपके दुहेरी दिसतात. तिन्ही पायांखाली फरशीचा एकेक तुकडा ठेवा. गुंडाखालचं टेबल हललं तरी हेच होतं. टेबल डगमगत असेल तर ते बाजूला सारा आणि विटांचा ओटा रचून त्यावर फळी टाका.

कूलर बंद. पंखा बंद. मे महिन्यात हे सोपं नाही, पण कूलरची हवा पडदा हलवते आणि त्याच्या ओलाव्यानं होल्डरमधली फिल्म फुगते. ते पुढे येईलच.

पितळ आरशासारखं असतं

ही गोष्ट समजायला मला बरेच दिवस लागले. गुंडावर प्रकाश टाकायचा असा विचार केला की फोटो बिघडतो. चकचकीत पितळ स्वतःचं फार कमी दाखवतं. समोर, वर आणि बाजूला जे असेल तेच त्याच्यात दिसतं. त्यामुळे उजळवायचं ते गुंडाभोवतीचं पांढरं कापड, गुंड त्याचं प्रतिबिंब दाखवतो.

मांजरपाटाचं रुंद कापड गुंडाच्या वर आणि दोन्ही बाजूंना ताणून बांधा. समोरही एक पट्टा घ्या आणि त्यात लेन्सपुरतं भोक पाडा. जुनं धोतर चालतं, पण नीळ दिलेलं नको. रंगीत फिल्मवर काम असेल तर बाजारातल्या खूप पांढऱ्याशुभ्र कापडापासूनही सावध राहा. त्यातली चमक देणारी रसायनं फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतात आणि पितळाचा पिवळा रंग मेल्यासारखा येतो. कोरं, न धुतलेलं मांजरपाट सर्वांत भरवशाचं.

सगळीकडे पांढरंच असेल तर गुंडाचा आकारच नाहीसा होतो. म्हणून दोन्ही कडांशी, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या पुठ्ठ्याची चार बोटं रुंद पट्टी उभी करा. कडेला काळी रेघ आली की गोलाई दिसू लागते. या पट्ट्या एकेक बोट सरकवण्यात माझा अर्धा तास जातो, आणि तो कमी करावा असं मला वाटत नाही.

लेन्सचा काळा ठिपका पोटावर दिसणारच. कॅमेरा थोडा वर किंवा बाजूला घ्या, फिल्म बसते ती मागची पाटी उभीच ठेवा, आणि लेन्स सरकवून गुंड पुन्हा चौकटीच्या मध्यावर आणा. अशा रीतीनं तो ठिपका कोरलेल्या नावावरून हलवून एखाद्या ठोक्याच्या खुणेत लपवता येतो.

भांडं चिंचेनं घासून लगेच कोरडं करा आणि त्यानंतर हातमोजे घालूनच उचला. पण आधी घरच्या बाईला विचारा. काहींना तो जुना काळपटपणा तसाच हवा असतो, आणि तसं असेल तर तसाच फोटो काढा.

फोकस

जवळच्या वस्तूसाठी "एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे" हा नियम चालत नाही. इतक्या जवळून स्पष्टता फोकसच्या पुढे आणि मागे जवळजवळ सारखीच पसरते. कॅमेरा सरकतो त्या रेलवर मोजा : आधी पोटाच्या सर्वांत पुढच्या बिंदूवर फोकस करून पेन्सिलनं खूण करा, मग कडेवर फोकस करून दुसरी खूण करा. आपल्या गुंडासाठी या दोन खुणांत साधारण १२ मिलिमीटरचं अंतर येईल. बरोबर मधोमध, ६ मिलिमीटरवर कुलूप लावा. ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागची चित्र दाखवणारी दुधी काच) भिंग ठेवून कोरलेलं नाव आणि गळ्याची कडा दोन्ही पाहा. एफ/४५ वर काच फार अंधारी होते. अशा वेळी टॉर्च गुंडावर मारून तपासा.

ठोक्यांचं गणित

आता मुख्य भाग. फ्लॅश पूर्ण पॉवरवर ठेवा, कापडामागे मोक्याच्या जागी उभा करा, प्रकाश मोजायचं मीटर गुंडाच्या पोटाशी धरा आणि एक ठोका मोजा. माझ्याकडे आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ येतं. फिल्म १२५ ची असली तरी मी ती १०० धरतो, सावलीत थोडा जीव राहतो.

प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप, म्हणून ठोके दुप्पट झाले की एक स्टॉप मिळतो. २ ठोके म्हणजे १ स्टॉप, ४ म्हणजे २, ८ म्हणजे ३, १६ म्हणजे ४. मधले आकडेही उपयोगाचे : ३ ठोक्यांत दीड स्टॉपाहून थोडं जास्त मिळतं, ६ मध्ये अडीचहून थोडं जास्त.

एफ/१६ पासून एफ/२२, मग एफ/३२, मग एफ/४५ : तीन स्टॉप. म्हणजे ८ ठोके.

पण इथे थांबलात तर निगेटिव्ह पातळ येईल, कारण बेलोजचा हिशेब राहिला. लेन्स फिल्मपासून लांब गेली की प्रकाश पसरतो. लेन्सच्या मध्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. आपल्या उदाहरणात ते २८० मिलिमीटर येतं. त्याला २१० नं भागा : १.३३. त्याचा वर्ग करा : १.७८. आठ ठोक्यांना १.७८ नं गुणलं की १४ येतात. वस्तू आणखी जवळ असेल तर हा गुणक झपाट्यानं वाढतो. गडव्याच्या कोरीव कामाचा मूळ मापाएवढा फोटो काढायचा झाला तर बेलोज लेन्सच्या फोकल लांबीच्या दुप्पट होतं आणि ठोके चौपट लागतात.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. तुकड्यातुकड्यानं मिळालेला प्रकाश फिल्म एकदम मिळालेल्या प्रकाशाइतका पूर्ण मोजत नाही, थोडी गळती होते. चार-आठ ठोक्यांपर्यंत मला फरक दिसलेला नाही. त्यापुढे मी दहा-पंधरा टक्के वाढवतो. म्हणून १४ चे १६. तुमची फिल्म वेगळी असेल तर फिल्मचे दोन पत्रे (सुटे तुकडे) खर्चून १४ आणि १८ ठोक्यांची चाचणी घ्या आणि मग ठरवा.

इथे मी केलेली मोठी चूक सांगतो. शटर अडीच मिनिटं उघडं राहतं म्हणून मी फिल्मच्या माहितीपत्रकातली लांब एक्स्पोजरची दुरुस्तीही लावली आणि ठोके खूप वाढवले. निगेटिव्ह जवळजवळ दोन स्टॉप जड आली आणि पोटावरची सगळी चमक एकसारखी पांढरी झाली. ती दुरुस्ती मंद प्रकाशात सलग चालणाऱ्या एक्स्पोजरसाठी असते. फ्लॅशचा प्रत्येक ठोका सेकंदाच्या काही शतांशांहूनही छोटा असतो, आणि मधल्या अंधारात फिल्मवर काहीच घडत नाही. शटर किती वेळ उघडं आहे याचा त्या तक्त्याशी संबंध नाही. त्या दिवशीच्या भांड्याचा दुसरा फोटो काढायला गेलो तेव्हा ते विकलं गेलं होतं.

एका फ्लॅशचे तीन फ्लॅश

या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. सगळे ठोके एकाच जागेवरून मारायची सक्ती नाही. अंधारात फ्लॅश उचलून दुसरीकडे नेला की एकाच फ्लॅशपासून तीन दिवे होतात, आणि त्यांचं प्रमाण ठोके मोजून ठरवता येतं.

मी गुंडासाठी असं वाटतो : वरच्या कापडामागून ११ ठोके, डावीकडच्या कापडामागून ५, आणि मागच्या भिंतीवर ३. पहिले दोन मिळून गुंडावरचे १६ होतात. भिंतीवरचा प्रकाश गुंडावर पडत नाही, म्हणून ते तीन त्यांत धरायचे नाहीत. वरून आणि डावीकडून फ्लॅश कापडापासून सारख्याच अंतरावर असावा, म्हणजे दोन्हीकडून मीटर एफ/१६ च दाखवेल. अंतरासाठी सुतळीला गाठ मारून ठेवा. फ्लॅशच्या स्टँडला सुतळी बांधायची आणि गाठ कापडाला टेकली की थांबायचं. अंधारात पट्टी वाचता येत नाही, गाठ हाताला कळते. जमिनीवर प्रत्येक जागेच्या खुणेसाठी एकेक वीट ठेवा. पायाला वीट लागली की जागा आली.

प्रमाण आधी डोळ्यांनी पाहायचं असेल तर साधा डिजिटल कॅमेरा वापरा. पूर्वी यासाठी इन्स्टंट फिल्म असायची, ती आता स्टुडिओच्या कामासाठी मिळेनाशी झाली आहे. डिजिटल कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्याशेजारी ठेवा, आयएसओ १००, एफ/१६, शटर बल्बवर (बटण दाबून धरलं तेवढा वेळ उघडं). फ्लॅशची पॉवर १/१६ करा आणि तेच ११, ५, ३ ठोके मारा. सोळा वेळा एक षोडशांश म्हणजे एक पूर्ण ठोका, म्हणून एफ/१६ ला चित्र बरोबर उजळ येतं, आणि तीन दिव्यांचं प्रमाण फिल्मवर जसं येईल तसंच दिसतं. डावी कडा फार चमकत असेल तर ५ चे ४ करा आणि तो एक वर द्या. मागची भिंत राखाडी हवी असेल तर ३ चे २. मग पॉवर पुन्हा पूर्ण करा. हे मी एकदा विसरलो होतो, तेव्हापासून डायलवर चिकटपट्टी लावतो.

अंधाराची परीक्षा

शटर उघडं असताना खोलीत उरलेला उजेडही फिल्मवर साठतो. एकूण १६० सेकंद उघडं राहील असं धरा. एफ/४५ च्या जागी एफ/१६ घेतलं तर तेवढाच प्रकाश आठपट लवकर येतो, म्हणजे २० सेकंदांत. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यावर आयएसओ १००, एफ/१६ ठेवून, फ्लॅश न मारता २० सेकंदांचा एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. पांढऱ्या कापडाची अंधूक सावली जरी दिसली तरी फट शोधा. फ्लॅशमधला सतत जळणारा मॉडेलिंग दिवा बंद हवा, आणि त्याच्या मागच्या लाल-हिरव्या ठिपक्यांवर काळी पट्टी. फोन खोलीच्या बाहेर.

अंधार करणं शक्यच नसेल तर दुसरी वाट आहे : शटर १/१२५ वर ठेवून ते प्रत्येक ठोक्याला पुन्हा ताणायचं आणि मारायचं. पण सोळा वेळा तो खटका ओढताना कॅमेरा हलतोच. चार ठोक्यांपर्यंत ठीक, त्यापुढे मी हा मार्ग घेत नाही.

वीज

गावाकडे या कामातला खरा अडथळा वीज आहे. शेतीपंपांची लाइन आली की डीपीवर ताण येतो आणि आमच्या कोठ्यात व्होल्टेज १८० वर उतरतं. चांगले फ्लॅश अशा वेळी भरायला जास्त वेळ घेतात, पण ठोका तेवढाच देतात. स्वस्त फ्लॅशचा ठोकाही मंदावतो. तुमचा कुठला आहे ते मीटरनं तपासा : मीटर गुंडाशी ठेवून सलग सहा ठोके मारा आणि प्रत्येकाचा आकडा लिहा. पहिला एफ/१६ आणि सहावा एफ/१३ आला, तर मधला वेळ वाढवा.

तयारीचा दिवा लागला म्हणजे फ्लॅश पूर्ण भरलाच असं नाही. बऱ्याच फ्लॅशमध्ये तो थोडा आधीच लागतो. दिवा लागल्यावर मनात तीन मोजा आणि मग मारा. माझा एक ठोका आठ सेकंदांचा ठरला आहे. घरातला साधा इन्व्हर्टर वापरू नका. त्याची लहर चौकोनी असते आणि फ्लॅशच्या भरणीचा झटका त्याला झेपत नाही. रोजच वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा फ्लॅश घेणं शहाणपणाचं. शक्ती थोडी कमी असली तरी काय, चार ठोके जास्त मारता येतात.

सलग एकोणीस पूर्ण ठोक्यांनी फ्लॅश तापतो. मे महिन्यात माझा दोनदा आपोआप बंद पडला, दोन्ही वेळा मधेच, आणि दोन्ही पत्रे वाया गेले. आता दोन पत्र्यांनंतर तो पंधरा मिनिटं दाराशी थंड करतो.

प्रत्यक्ष काम

आता रात्रीचे नऊ वाजून गेले आहेत, गाव शांत झालंय, गुंड जागेवर आहे. या क्रमानं जा.

शटर बंद करा, एफ/४५ लावा, शटरचा वेग टी वर. टी म्हणजे एकदा दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की मिटतं. फक्त बी (बल्ब) असेल तर कुलूप लागणारी केबल वापरा. फिल्मचा होल्डर घाला, डार्क स्लाइड (फिल्मवरचं सरकतं झाकण) काढा, आणि एक मिनिट थांबा. बाहेरची हवा आत गेली की फिल्म होल्डरमध्ये किंचित फुगते किंवा बसते. ही हालचाल ठोक्यांच्या मध्यात झाली तर मधला भाग दुहेरी येतो. पावसाळ्यात मी दोन मिनिटं थांबतो, आणि होल्डर घालण्याआधी हलक्या हातानं त्याला एक टिचकी मारतो, म्हणजे फिल्म कडेला नीट बसते.

लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, तिला न टेकवता. शटर उघडा. पाच मोजा, कंपन विरू द्या. पुठ्ठा हळूच बाजूला करा. आता वरचे ११ ठोके. हे ट्रिगरनं किंवा फ्लॅशवरच्या बटणानं मारा, बटण दाबताना स्टँड हलला तरी चालतो, कॅमेरा आणि गुंड हलले नाहीत की झालं.

मोजायला चिंचोके. डाव्या वाटीत अकरा, प्रत्येक ठोक्याला एक उजव्या वाटीत. तोंडानं मोजताना कुत्रं भुंकलं किंवा कुणी हाक मारली की आकडा हरवतो, चिंचोका हरवत नाही. तीन जागांसाठी तीन वाट्या आधीच भरून ठेवा. तरीही गोंधळ झालाच तर घाबरू नका : सोळाचे सतरा झाले तर स्टॉपचा दहावा हिस्साही फरक पडत नाही. भिंतीच्या तीनमधला एक चुकला तर मात्र दिसतो. थोड्या ठोक्यांच्या जागी जास्त जपा.

अकरा झाले की पुठ्ठा पुन्हा लेन्ससमोर. शटर उघडंच राहू द्या, हात लावू नका. फ्लॅश डावीकडच्या विटेपर्यंत न्या, सुतळीची गाठ कापडाला लावा, जागेवर उभं राहून दहा मोजा. आपल्या चालण्यानंही जमीन हलते. मदतनीसानं पुठ्ठा काढला की ५ ठोके. पुन्हा पुठ्ठा, मग भिंतीकडे, ३ ठोके. मदतनीस असला तर काम खूप सोपं होतं. माझ्याकडे काकांचा नातू येतो, पुठ्ठा त्याच्या हातात आणि चिंचोके माझ्या.

फ्लॅश हलवताना एकच काळजी घ्या. तुम्ही स्वतः गुंडात दिसू शकता. फ्लॅश नेहमी कापडाच्या मागे आणि तुम्ही फ्लॅशच्या मागे.

सगळं झाल्यावर पुठ्ठा धरून शटर मिटवा, डार्क स्लाइड घाला. तोच फोटो दुसऱ्या पत्र्यावर पुन्हा काढा. मी दुसऱ्यावर वरचे ठोके ११ ऐवजी १४ करतो. पहिला पातळ निघाला तर दुसरा वाचवतो.

भादव्यात धानाच्या बांधीतून किडे येतात. पितळावर एखादा बसला तर थांबून त्याला उडवा, कारण तो पुढच्या सगळ्या ठोक्यांत दिसेल. हवेतून एखादाच ठोक्यात उडून गेला तर त्याची चिंता करू नका. सोळातला एकच ठोका त्याला मिळालेला असतो, उजळ जागी तो दिसतही नाही.

फिल्म आणि धुलाई

सरावासाठी महागडी शीट फिल्म खर्चू नका. एक्स-रेची हिरव्याला संवेदनशील फिल्म ८ बाय १० इंचात मिळते. तिचे चार तुकडे केले की ४ बाय ५ चे चार पत्रे होतात, होल्डरमध्ये बसण्यासाठी कडा जराशा छाटाव्या लागतात. लाल दिव्यात कापता येते. ती लाल रंग पाहत नाही, म्हणून पितळ ठीक येतं पण तांबं फार काळवंडतं. दोन्ही बाजूंना लेप असल्यानं ट्रेमध्ये ओरखडे लवकर पडतात, एका वेळी एकच पत्रा धुवा. तिची संवेदनशीलता डब्यावर लिहिलेली नसते. मी ५० धरून सुरुवात केली, म्हणजे ठोके दुप्पट, आणि मग निगेटिव्ह पाहून कमी केले.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३२ अंशांच्या वर जातं. त्यात फिल्म धुतली तर लेप मऊ पडतो. रात्रभर माठात ठेवलेलं पाणी २४ अंशांच्या आसपास मिळतं. रसायनाच्या तक्त्यात २४ अंशांची वेळ पाहा आणि धुण्याचं पाणीही माठातलंच घ्या, म्हणजे मधेच तापमान बदलत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी तीन माठ भरून ठेवतो.

वाळलेली निगेटिव्ह खिडकीशी धरून आधी सावली पाहा, गळ्याखालच्या वळणात काही दिसतं का. तिथे कोरं असेल तर ठोके कमी पडले, पुढच्या वेळी दीडपट करा. मग भिंगाखाली कोरलेलं नाव. ठिपके एकेरी आणि धारदार असतील तर कॅमेरा हलला नाही. सगळे ठिपके एकाच दिशेनं दुहेरी असतील तर ट्रायपॉड किंवा फळी खचली. फक्त मधले ठिपके दुहेरी असतील तर फिल्म फुगली.

प्रत्येक पत्र्याच्या पाकिटावर मी पेन्सिलनं एवढं लिहितो : बेलोज २८०, एफ/४५, ११-५-३, व्होल्टेज, तारीख. आणि त्याच्या खाली गुंडावरचं नाव, जसं कोरलंय तसंच, कोरणाऱ्यानं केलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट.